आर्विडची खुर्ची

बेसबॉलचा हंगाम सुरू व्हायच्या दिवशी अमेरिकेतल्या डलूथमध्ये बर्फ पडला, म्हणजे सगळं नेहमीसारखंच होतं. मैदानावरचा बर्फ यंत्रानं काढला होता. खुर्च्यांवरचा ज्यानं त्यानं आपापल्या हातमोज्यानं काढायचा. कारीन हेइक्किलानं दोन खुर्च्यांवरचा काढला, आणि मग तिच्या लक्षात आलं की एकीवरचा काढला असता तरी चाललं असतं.

दोन्ही खुर्च्या बाबांच्या. तिसऱ्या बेसच्या मागे, सरोवराकडून येणारा वारा नेमका कानात शिरेल अशा जागी. आर्विड हेइक्किला फेब्रुवारीत गेले, पण हंगामभराची दोन तिकिटं त्यांनी आधीच्या शरद ऋतूतच काढून ठेवली होती. एक स्वतःचं आणि एक सोबत येईल त्याचं. गेली काही वर्षं बहुतेक रविवारी ती सोबत कारीनची असे. ती पुस्तक घेऊन यायची आणि बाबा कोपरानं ढोसतील तेव्हा वर बघायची.

या वर्षी दोन-चार सामने बघायचे, बाबांच्या ओळखीच्या माणसांचा निरोप घ्यायचा आणि उरलेली तिकिटं चर्चला देऊन टाकायची, असं तिनं ठरवलं होतं. ती कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना तर्कशास्त्र शिकवायची. कावळा बसला आणि फांदी मोडली, म्हणून कावळ्यानं फांदी मोडली असं म्हणू नये, एवढं सांगायला तिला अख्खं सत्र लागायचं. अशा बाईनं बेसबॉलच्या संघामागे वाहवत जाण्याचा प्रश्नच नव्हता. निदान एप्रिलच्या सुरुवातीला नव्हता.

पहिल्या दिवशी तिनं बाबांच्या खुर्चीवर आपली पिशवी आणि कॉफीचा थर्मास ठेवला. हेरिंग्ज जिंकले. गेल्या वर्षी तळाला राहिलेला संघ, नाव माशाचं आणि खेळ टोपलीत पडलेल्या माशाचा, तो जिंकला. दुसऱ्या दिवशी पुढच्या रांगेतल्या डुएन स्कोग्लुंडनं आपल्या मेव्हण्याला त्या खुर्चीवर बसवलं. बिचारा तीन तास शेंगदाणे खात बसला आणि हेरिंग्ज धुऊन निघाले. तिसऱ्या दिवशी पुन्हा पिशवी. पुन्हा जिंकले.

चौथ्या दिवशी कारीन आली तेव्हा डुएन तिची वाटच बघत होता. जन्मभर बंदरातल्या खनिजाच्या धक्क्यावर काम केलेला माणूस, आवाज अजून जहाजाच्या भोंग्याशी स्पर्धा करणारा.

“पिशवी आणलीस ना?” त्यानं विचारलं.

“आणली.”

“तीच?”

“माझ्याकडे एकच आहे, डुएन.”

“मग ठेव. तिथेच. आणि तिचा बंद खालच्या बाजूला लोंबू दे, कालसारखा.”

“तुमच्या मेव्हण्याला काय सांगितलंत?”

“सांगितलं, घरी बस आणि टीव्ही बघ. तेही आवाज बंद करून.”

त्याची बायको बेव्ह मागे वळली. तिच्या हातात मोहरीनं माखलेलं सॉसेज होतं. “तू स्वतःला सुखी समज, कारीन. तुला नुसती पिशवी ठेवायची आहे. मला हे रोज खावं लागतंय. पहिल्या दिवशी खाल्लं होतं ना. रात्रभर छातीत जळजळतं.”

“मग खाऊ नका.”

बेव्हनं तिच्याकडे असं बघितलं की जणू तिनं चर्चमध्ये शिट्टी वाजवली.

कारीन हसली. पण पिशवी ठेवताना बंद खालच्या बाजूला लोंबतोय ना, हे तिनं वाकून बघितलं. कोणी बघत नसताना बघितलं, हीच काय ती तिच्या शिक्षणाची शान.

मग हेरिंग्ज घरच्या मैदानावर जिंकतच सुटले. बाहेरगावी हरायचे, पण तो खुर्चीचा दोष नव्हता. खुर्ची काही बसमध्ये घालून नेलेली नव्हती. कारीननं हे स्पष्टीकरण एकदा कॉलेजातल्या सहकाऱ्याला दिलं, आणि वाक्य संपता संपता स्वतःचाच आवाज ऐकून ती गप्प झाली. असं उत्तर एखाद्या मुलानं पेपरात लिहिलं असतं तर तिनं शेजारी लाल प्रश्नचिन्ह काढलं असतं. तिकिटं चर्चला द्यायचं ती कधीच विसरून गेली होती. आता ती सकाळी वर्गात जाण्याआधी चेंडू टाकणाऱ्या डावखुऱ्या पिचरच्या दुखऱ्या खांद्याची बातमी वाचत असे.

मेच्या पहिल्या रविवारी ती आईकडे जेवायला गेली. आईनं वेलचीचा पाव केला होता आणि बटाट्याचा रस्सा. जेवण झाल्यावर आईनं भांडी तशीच ठेवली, हात पुसले आणि म्हणाली, “शनिवारी मी येते तुझ्याबरोबर.”

“कुठे?”

“कुठे म्हणजे? तुझ्या कॉलेजात येऊन काय करू? मॅचला.”



आईच्या मॅचला येण्याला एक इतिहास होता. कारीन चौथीत होती तेव्हा हेरिंग्ज एकदा अंतिम सामन्यात पोचले होते. बाबांनी त्या दिवशी आईला सोबत नेलं. शेवटच्या डावात हातात आलेला सोपा चेंडू हेरिंग्जच्या शॉर्टस्टॉपनं, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकानं, पाडला आणि सामना गेला. परत येताना गाडीत बाबा म्हणाले, “एल्मा, तुझा पायगुण गं.” अर्धं हसत म्हणाले. पण ते अर्धं हसू पुढे आयुष्यभर टिकलं. आई पुन्हा कधी मैदानावर गेली नाही. ती स्वयंपाकघरात रेडिओ लावायची, अंपायरला शिव्या द्यायची, आणि बाबा घरी आले की ते लांब गाडी लावत असताना सुरुवातीला काय काय घडलं ते त्यांना सांगायची.

“शनिवारी थंडी असेल,” कारीन म्हणाली.

“मी इथेच जन्मले आहे.”

“पायऱ्या फार आहेत गं.”

“तुझ्या बाबांचे दोन्ही गुडघे गेले होते. ते चढत होते.”

कारीननं चमचा उचलला, खाली ठेवला. आणि मग तर्कशास्त्राच्या त्या प्राध्यापिकेच्या तोंडून खालच्या आवाजात निघालं, “आई, आपण जिंकतोय गं.”

आईनं तिच्याकडे बघितलं. रागानं नाही. मंडईत ओळखीच्या दुकानदारानं वजनात मारलं की बघतात तसं.

“म्हणजे तूसुद्धा,” आई म्हणाली. “बरं. हरले की सांग.”

आणि तिनं भांडी घासायला घेतली.

त्यानंतरचा आठवडा कारीननं मोठ्या तात्त्विक पातळीवर घालवला, म्हणजे स्वतःशी खोटं बोलत. तिनं ठरवलं की आई बाबांच्या खुर्चीत बसली आणि संघ हरला, तर आईलाच वाईट वाटेल. म्हणून तिला न नेणं हे तिच्याच भल्याचं आहे. मग तिनं ठरवलं की संघानं एकदा हरावं, म्हणजे प्रश्नच मिटेल. पण हेरिंग्ज मागे पडले की ती वाकून पिशवीचा बंद तपासायची, आणि पुढे गेले की ती बेव्हला मिठी मारायची. मोहरीचे डाग तिच्या कोटावरून निघेनात.

शुक्रवारी ते पुन्हा जिंकले. त्या रात्री रेडिओच्या निवेदकानं सामना संपताना सांगितलं, की तिसऱ्या बेसच्या मागे एक खुर्ची रिकामी ठेवलेली असते, जुने चाहते आर्विड हेइक्किला यांची, आणि तिथली मंडळी म्हणतात की आर्विडच संघाला जिंकवतोय. त्याच्या आवाजात गहिवर होता. डुएननं त्याला ही हकिगत सामन्याआधी सांगितली होती आणि आता प्रेक्षकांच्या त्या सगळ्या सेक्शनला आपण काहीतरी पवित्र केल्यासारखं वाटत होतं. कारीनलासुद्धा. गाडीत ते ऐकताना तिचे डोळे भरून आले.

सिग्नलला थांबल्यावर तिला आठवलं, की हाच रेडिओ आईच्या स्वयंपाकघरातही चालू असतो.

सामना संपला की आईचा फोन यायचा. त्या रात्री आला नाही.

शनिवारी सकाळी कारीन आईच्या दारात उभी राहिली. आई बागेत गेल्या वर्षीची वाळलेली झुडपं कापत होती.

“चल,” कारीन म्हणाली.

“हरले का?”

“नाही.”

“मग?”

“मग काही नाही. चल.”

आईनं कात्री बंद केली, पण उठली नाही. “आणि आज हरले तर? तो डुएन मला खाऊन टाकेल. माझं नाव अख्ख्या डलूथच्या तोंडी होईल. त्या वेळी निदान तुझ्या बाबांनाच माहीत होतं.”

“तुझा विश्वास आहे त्याच्यावर? पायगुणावर?”

“माझा नाही गं. पण तुमच्या सगळ्यांचा आहे, आणि मी त्यात एकटी पडते.” तिनं कात्री गवतावर ठेवली. “मला फक्त तिथून कसं दिसतं ते बघायचं होतं. इतकी वर्षं आर्विड काय बघत होता.”

कारीननं तिचा कोट आणला.

त्या दोघी पायऱ्या उतरून आल्या तेव्हा डुएननं आधी कारीनकडे बघितलं, मग एल्माकडे, मग कारीनच्या हातातल्या पिशवीकडे.

“पिशवी कुठे ठेवणार?” त्यानं विचारलं.

“खाली. पायाशी.”

“आज आपला पहिला पिचर तोच दुखऱ्या खांद्याचा डावखुरा आहे, कारीन. विचार कर.”

“विचार करूनच आणलंय हिला.”

“नमस्कार, एल्मा,” बेव्ह घाईघाईनं म्हणाली. “बरं झालं आलात. बसा ना.” आणि मग नवऱ्याच्या बरगडीत कोपर घालत, “गप्प बस. त्यांच्याच नवऱ्याची खुर्ची आहे.”

“म्हणून तर म्हणतो,” डुएन पुटपुटला.

आई बसली. तिनं हात मांडीवर ठेवले आणि डावीकडून उजवीकडे सगळं मैदान बघितलं, मागचा पूल, पुलाखालून हळूहळू आत येणारं लांबलचक जहाज. खाली सामना सुरू झाला आणि डावखुऱ्या पिचरनं पहिल्याच डावात चार धावा दिल्या.

कोणी मागे वळून बघत नव्हतं, आणि न बघण्याचासुद्धा आवाज येत होता. कारीनच्या मनात आलं, आणायलाच नको होतं. ते मनात आल्याबरोबर तिचे कान तापले. इतकी पुस्तकं वाचली, आणि पहिल्याच डावात स्वतःच्या आईला पांढऱ्या पायाची ठरवायला चार धावा पुरल्या.

तिसऱ्या डावात सात झाल्या.

“रेडिओवर हे एवढं वाईट वाटत नाही,” आई म्हणाली.

“निवेदक सावरून घेतो.”

“हं.” आईनं पिशवीतून सूर्यफुलाच्या बिया काढून तिच्या हातावर ठेवल्या. मग समोर बघतच म्हणाली, “खुर्ची रिकामी होती तोवर तुला वाटत असेल, तो गाडी लावायला गेलाय. लांब, फुकटच्या जागेत. येईल आता धापा टाकत.”

कारीननं बिया मुठीत घट्ट धरल्या. “हो,” ती म्हणाली.

“मलाही घरी तेच वाटतं. मॅच संपली की मी रस्सा गरम करायला ठेवते.” आईनं एक टरफल थुंकलं. “मग खाऊन टाकते मीच.”

पुढच्या डावात अंपायरनं हेरिंग्जच्या धावपटूला बाद दिलं, आणि तो मुळीच बाद नव्हता. आई उभी राहिली. स्वयंपाकघरात एकटीनं कमावलेला आवाज तिसऱ्या बेसच्या मागून सुटला आणि थेट होम प्लेटवर उभ्या अंपायरपर्यंत गेला. त्यात अंपायरच्या डोळ्यांचा, चष्म्याचा आणि त्याला घडवणाऱ्या शाळेचा उल्लेख होता. सेक्शन गर्रकन मागे वळला. अंपायरनंही वर बघितलं.

“देवा,” बेव्ह म्हणाली. “आर्विड तर मुका होता हिच्यापुढे.”

हेरिंग्ज अकरा-एकनं हरले. आई शेवटच्या चेंडूपर्यंत बसली. उठताना तिनं विचारलं, “उद्या किती वाजता असते?”

उद्याही हरले. मंगळवारी हरले. बुधवारी पुढे असताना हरले, आणि ते जास्त वाईट असतं. चारही दिवस एल्मा हेइक्किला कोटाची सगळी बटणं लावून तिथे बसली होती, आणि संघ जितका वाईट खेळत होता तितका तिचा आवाज मोकळा होत होता.

गुरुवारी सहाव्या डावात डुएन टोपी हातात घेऊन कारीनच्या बाजूला आला. मागे आणखी दोन माणसं होती, पण ती थोडी लांब थांबली.

“तू शिकलेली आहेस,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “तू समजावून सांग आईला. कायमचं नाही म्हणत मी. एक सामना जिंकेपर्यंत फक्त.”

कारीननं त्याच्याकडे बघितलं. दहा-बारा दिवसांपूर्वी तिनं नेमकं हेच केलं होतं, आणि तेही एवढ्या नम्रपणे नाही.

“ती इथेच बसली आहे,” ती म्हणाली. “तुम्हीच सांगा.”

डुएननं घसा खाकरला. एवढा धिप्पाड माणूस खुर्च्यांच्या मधल्या सांदीत वाकला. “एल्मा, गैरसमज करून घेऊ नका. पण बघा, ही खुर्ची जरा... म्हणजे रिकामी असते तेव्हा...”

आईनं त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “रिकामी खुर्चीच हवी ना तुम्हाला?”

“हो. तेवढंच.”

“मग तू ऊठ. तुझी रिकामी ठेवून बघू.”

मागची दोन माणसं हसू दाबत आपापल्या जागी गेली. डुएन थोडा वेळ तसाच वाकून राहिला. विचार करत होता. मग तो सरळ झाला, पुढच्या रांगेत गेला, आपल्या खुर्चीवरची गादी उचलून त्यानं बगलेत धरली, आणि पायऱ्या चढून वर कठड्याशी जाऊन उभा राहिला, वाऱ्यात, एकटा.

“खरंच गेला,” बेव्ह म्हणाली.

“जाऊ दे,” आई म्हणाली. “तूही सरक जरा, मला त्याच्या टोपीमुळे पहिला बेस दिसतच नव्हता.”

कारीन आईच्या खांद्याला खांदा लावून पुढे वाकली. हेरिंग्जचा फलंदाज उभा राहिला, बॅट दोनदा हलवली, आणि पहिल्याच चेंडूवर झेल देऊन परत गेला.

वरून डुएनचा आवाज आला. “एकच बाद झालाय. डाव संपायला अजून दोन जण आहेत.”

“आम्हाला मोजता येतं,” आईनं मागे न बघता ओरडून सांगितलं.