माझ्या खाचा झिजल्या तेव्हा

होय, बोलतेय ती मीच. तोंडाला तांबूस गंज चढलेली, मुठीला काळं चामडं गुंडाळलेली ही बुटकी लोखंडी काठी. गोल्फवाले मला वेज म्हणतात. पिशवीतल्या लांब काठ्या चेंडू दूर भिरकावतात आणि टाळ्या घेतात. तो चेंडू वाळूच्या खड्ड्यात जाऊन बसला, की मग सगळ्यांना माझी आठवण होते. तिथून त्याला अलगद उचलायचं, भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर टाकायचं आणि भोकाजवळ गप्प बसवायचं, हे माझं काम. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका निस्तरल्या मी.

माझा जन्म बालक्रेगचाच. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं हे गाव. एका बाजूला राखाडी समुद्र, दुसऱ्या बाजूला बटाट्याची शेतं आणि मधल्या वाळूच्या टेकाडांवर गोल्फचं मैदान. रेल्वेच्या जुन्या फाटकामागे तेव्हा एक लहानसा कारखाना होता. तिथे तापलेल्या पोलादावर घण पडले आणि आम्ही तिघी बहिणी एकाच आठवड्यात जन्मलो. एक लांबून हिरवळ गाठणारी, एक चेंडू उंच उडवणारी आणि मधली मी, वाळूतली. आमच्या तोंडावर आडव्या बारीक खाचा कोरल्या. चेंडू त्या खाचांना चिकटतो, गिरकी घेतो आणि पडल्या जागी थांबतो. खाचा म्हणजे आमचे दातच म्हणा.

आम्हाला करवून घेणारा वॉटी गेडिस. होड्या बांधायचा तो. त्यानं आधीच बजावलं होतं, "मुलामा चढवू नका. चकचकीत काठी डोळ्यांत ऊन मारते." मग इथल्या रिवाजाप्रमाणे त्यानं आम्हाला समुद्राकडच्या खिडकीत ठेवलं. लोणचं मुरायला ठेवावं तसं. खाऱ्या वाऱ्यानं जरा गंज चढला, की वेज चेंडूला घट्ट धरते, अशी या गावाची श्रद्धा. खरं-खोटं कुणी तपासलं नाही. म्हाताऱ्यांनी सांगितलं म्हणजे झालं!

पण ते दिवस सुंदर होते, हे मला कबूल केलंच पाहिजे. वॉटी कामावर जायच्या आधी, सकाळीच मैदानावर यायचा. कोटाच्या एका खिशात चेंडू, दुसऱ्यात कागदात गुंडाळलेला गरम मटण-पॅटिस. समुद्रावरून धुकं आत यायचं आणि हिरवळ, निशाण, सगळं पुसून टाकायचं. वॉटी चेंडू मारायचा आणि कान द्यायचा. थप्प आवाज आला तर हिरवळ. काहीच आवाज आला नाही तर वाळू. मग तो हसून मला बाहेर काढायचा. "चल गं बाई, तुझ्याशिवाय कुणाचं अडतंय?" त्या हातांना लाकडाच्या भुशाचा आणि डांबराचा वास यायचा. तो वास माझ्या मुठीत मुरला तो कायमचा.

मग वॉटीचा खुबा गेला. पाय ओढत चालणं आलं, खेळ संपला. आमची पिशवी त्याच्या नातीकडे आली. मॉर्वेन. इंजिनिअरिंग शिकणारी, उंच, तापट पोरगी. शिंकसुद्धा भांडल्यासारखी देणारी. पावसात, वाऱ्यात ती खड्ड्यात उभी राहून एकामागून एक चेंडू उडवायची. वॉटीच्या साऱ्या आयुष्यात मी खाल्ली नसेल तेवढी वाळू तिनं मला काही वर्षांत खायला घातली.

वाळूनं दात झिजतात. माझ्या खाचा गुळगुळीत झाल्या. आता माझ्यावरून सुटलेला चेंडू हिरवळीवर पडला, की साबणाच्या वडीसारखा पुढे घसरत जायचा. मॉर्वेन हुशार. ती चेंडू मुद्दाम अलीकडे टाकायला शिकली, म्हणजे घसरत घसरत तो भोकापाशी जाईल. पण असं किती दिवस निभावणार?

त्या वर्षी जिल्ह्याच्या महिला अजिंक्यपदाची स्पर्धा बालक्रेगलाच होती. जिंकणारी थेट जिल्ह्याच्या संघात जायची. मॉर्वेनचं ते कॉलेजचं शेवटचं वर्ष. पुढे ॲबर्डीनची नोकरी ठरलेली, मग सराव कुठला? तिला ते अजिंक्यपद हवं होतं, आणि म्हणून नव्या तीन वेजही हव्या होत्या. क्लबातलं दुकान आणि शिकवण्या सांभाळणाऱ्या शीनानं तिच्यासाठी एक संच बाजूला काढूनही ठेवला होता.

झालं! शेवटच्या हिरवळीजवळच्या बाकावर संसद भरली.

"नव्या वेज म्हणजे नवे बूट," थर्मासातला चहा ओतत ड्युगल रेनी म्हणाला. हा वॉटीचा जन्माचा दोस्त, निवृत्त पोस्टमन. "लग्नात घालून गेलीस, तर नाचायच्या वेळी खुर्चीत बसशील."

"आणि जुने? तळ फाटलेले?" मॉर्वेन म्हणाली.

"तळ शिवून घ्यायचे," वॉटी म्हणाला. "बूट टाकत नाहीत शहाणी माणसं."

"बदलायच्याच तर एकेक करून बदल," ड्युगल म्हणाला. "घरात तीन सुना एकदम आल्या, तर चहा कुणी टाकायचा हेच ठरत नाही."

"उलट, तिन्ही एकदमच घ्याव्यात," दुकानाच्या दारातून शीना म्हणाली. "प्रत्येकीचा पल्ला दुसरीशी जुळवलेला असतो, ड्युगलकाका. एक जुनी, दोन नव्या ठेवल्या तर मध्ये भगदाड पडतं."

"आमच्या वेळी एकाच वेजवर सगळं भागायचं."

"तुमच्या वेळी दुखरा दात दाराला दोरी बांधून उपटायचे, ड्युगलआजोबा. तेही सुरू करू या का?" मॉर्वेन म्हणाली.

ड्युगल चहात हसला. वॉटी हसला नाही. "हंगामात काठ्या बदलू नयेत. थंडीत बदल."

"थंडीत म्हणाला होतात, गारठ्यात चेंडूचा अंदाज येत नाही, उन्हाळा येऊ दे! आजोबा, तुमच्या पंचांगात नवीन काही घ्यायला मुहूर्त तरी आहे का?"

मला तिच्या वतीनं मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. बाकावर बसून मतं द्यायला दात लागत नाहीत. ज्यांनी वर्षानुवर्षं वाळूत पाय ठेवला नाही, ते ठरवणार तिनं वाळूत काय न्यायचं! माझं मत कुणी विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं: मला जाऊ द्या.

पण वॉटीनं मला पिशवीतून काढलं, मुठीवर अंगठा फिरवला आणि खाली बघत म्हणाला, "बाकीच्या दोन बदल. वाळूतली ही तेवढी राहू दे, मॉर्वेन."

कधी कुणाकडे काही न मागणारा माणूस. त्या पिशवीत आता त्याचं असं तेवढंच उरणार होतं. मी मैदानात जायची, तेव्हा तोही जायचा. हे मॉर्वेनला कळलं. तिचा राग ओठांवर येऊन थांबला.

"बरं. ही राहील," ती म्हणाली.

माझ्या दोन्ही बहिणी गेल्या. तिसरी नवी वेज, माझ्या जागेवरची, शीनाच्या दुकानात कोऱ्या कागदात तशीच पडून राहिली.

स्पर्धा सुरू झाली. मॉर्वेन एकेक सामना काढत गेली. उपांत्य सामन्यात माझ्यावरून सुटलेला चेंडू अख्खी हिरवळ घसरत ओलांडून पलीकडच्या गवतात गेला. कशीबशी जिंकली ती. घरी आल्यावर पिशवी आपटून सरळ अंघोळीला गेली.

तेवढ्यात वॉटीनं मला उचललं आणि परसातल्या शेडमध्ये नेलं. होडीच्या फळ्यांमधल्या सांधी खरवडायचं एक आकडेदार हत्यार त्याच्याकडे होतं, आणि बारीक कानस. मला शिकंज्यात धरून तो एकेक खाच खोल करायला लागला. त्याच्या तरुणपणी स्पर्धेआधी इथला प्रत्येक जण हेच करायचा. कुणी विचारायचं नाही, कुणी सांगायचं नाही. तो जुनं गाणं गुणगुणत होता. बऱ्याच दिवसांनी त्याच्या हातांना लोखंडाचा, तेलाचा वास आला होता. लपवत कशाला, मलाही गुदगुल्या झाल्या. वाटलं, दात परत आले. वाटलं, बाहेर धुकं असेल आणि खिशातला पॅटिस गरम असेल.

अंतिम सामन्याच्या सकाळी मॉर्वेन सरावाच्या खड्ड्यात उतरली. नवा चेंडू ठेवला, मला फिरवलं. चेंडू उडाला, हिरवळीवर पडला, थांबला आणि चक्क मागे आला.

"बघ!" काठावर उभा असलेला वॉटी टाळी वाजवून म्हणाला. "कालपर्यंत बोळकी म्हणत होतीस ना तिला?"

मॉर्वेननं चेंडू उचलला. गाजर किसावं तशी त्याची साल निघाली होती. तिनं मला उलटं धरलं. गंजलेल्या तोंडावर पांढऱ्या, ताज्या, खोल रेघा.

"आजोबा, काय केलंत हे?"

"जरा धार लावली. त्यात काय एवढं?"

"खाचा किती खोल असाव्यात याचा नियम आहे. हिच्यानं एक फटका मारला, तरी मी स्पर्धेतून बाद!"

"कोण बघणार आहे? आम्ही सगळ्यांनी केलं."

"मी बघितलं ना!"

मॉर्वेननं माझी मूठ पुढे करून, सुरी द्यावी तशी, मला त्याच्या हातात दिलं.

"चार महिने, आजोबा. चार महिने ती नवी कागदात गुंडाळून ठेवली तुमच्यासाठी. आज अंतिम सामन्यात मी ती वाळूत पहिल्यांदा मारणार आहे. समजतंय का तुम्हाला?"

ती धावत दुकानाकडे गेली. वॉटी माझ्यावर भार टाकून उभा राहिला.

प्रतिस्पर्धी क्यूपर गावची आयोना लॉरी, शांत, कमी बोलणारी. सामना रस्सीसारखा इकडे-तिकडे ओढला गेला. वॉटी मला टेकत टेकत प्रेक्षकांत चालत राहिला. शेवटच्या भोकाला दोघी बरोबरीत. आयोनाचा चेंडू हिरवळीवर. मॉर्वेनचा वाळूत.

ती खड्ड्यात उतरली. हातात नवीकोरी वेज. पाय वाळूत रोवले, आणि माझ्या लक्षात आलं. ती मला घेऊन उभी राहायची तशीच उभी होती. नजर लावली ती अलीकडच्या उंचवट्यावर, जिथे टाकला की माझा चेंडू घसरत भोकापाशी जायचा. नवीचा घसरणार नव्हता. वॉटीलाही दिसलं. त्याचं तोंड उघडलं. पण प्रेक्षकानं सल्ला द्यायचा नसतो. जन्मभर ज्याचं मत थांबलं नाही, त्या माणसानं ओठ मिटले आणि माझी मूठ अशी आवळली, की चामडं करकरलं.

फटका सुरेख बसला. चेंडू ठरवल्या जागी पडला आणि तिथेच थांबला. भोक कितीतरी लांब. पुढचा फटका काठावरून गेला. आयोनानं आपला चेंडू आत ढकलला. संपलं.

मॉर्वेननं तिच्याशी हात मिळवला, नीट हसली आणि मग बाकावर येऊन बसली. तिच्या गालावर वाळू चिकटली होती.

"जुनी वेज असती, तर गेला असता घरंगळत भोकापाशी," ड्युगल हळहळला.

"गप रे," वॉटी म्हणाला. "जुनीच नडली. पोरीच्या हातांना सवय जुनीची, काठी नवी. माझ्यामुळे." मग तिच्याकडे वळून, "मॉर्वेन, मी..."

"माफी नको, आजोबा." तिनं नाक पुसलं. "उद्यापासून फक्त मत नको."

"एक शेवटचं देऊ?"

"नाही!"

"बरं."

ड्युगल चहा शोधायला निघून गेला. माणसं पांगली. ती दोघं समुद्राकडे बघत बसली.

"ॲबर्डीनलाही मैदानं आहेत," शेवटी मॉर्वेन स्वतःशीच म्हणाल्यासारखी म्हणाली. वॉटीनं मत दिलं नाही. वचन पाळत होता. मग त्यानं मला गवतावर ठेवलं आणि हात पुढे केला.

"ती नवी जरा बघू."

तिनं त्याच्याकडे रोखून पाहिलं आणि दिली.

तो पाय ओढत सरावाच्या हिरवळीपर्यंत गेला. मुठीवर बोटं ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. खुबा वळेना, म्हणून नुसत्या मनगटांनी काठी फिरवली. चेंडू छोटीशी कमान करून गेला, पडला आणि थांबला.

"अगं, थांबला!" वॉटी लहान पोरासारखा ओरडला.

मी गवतात पडून ती कमान पाहिली. नेमकी माझीच. एवढी वर्षं मला वाटत होतं, की ती मी काढते. ती त्याच्या मनगटात होती, आणि आता थोडी मॉर्वेनच्या मनगटात आहे. वाईट वाटेल असं वाटलं होतं, वाटलं नाही. समोर ती त्याचा कोपर धरून म्हणत होती, "डावा पाय जरा मागे घ्या, आजोबा. नाही, एवढा नाही." आणि तो निमूटपणे ऐकत होता.

आता माझ्यानं कुणी चेंडू मारत नाही. तरीही एक सांगते. तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी झिजलेलं असेल, तर त्याला कानस लावू नका. आणि मुलांच्या पिशवीत तर मुळीच कोंबू नका. आम्हाला गवतात ठेवा, कडेला, जिथून खेळ दिसतो. तिथून फार छान दिसतं हो.