सांध्यावर सांधा

तिचं खरं नाव काहीही असो, घरात ती मुकादम होती. हे नाव तिला नवऱ्याने ठेवलं होतं आणि ते काही उगाच ठेवलं नव्हतं. ओले कपडे दोरीवर कोणत्या टोकापासून घालायचे, चपला दारात कुठे काढायच्या, दुधाचं पातेलं कोणत्या शेगडीवर चढवायचं, सगळ्यावर तिची देखरेख असे. नवरा गवंडी. दिवसभर बांधकामाच्या बांबूंच्या परांचीवर उभा राहून ठेकेदाराची बोलणी खायची आणि संध्याकाळी घरी येऊन हातपाय धुता धुता म्हणायचं, "बोला मुकादम, इथे काय काम काढलंय?" ती रागावल्यासारखं करायची. मनातून तिला ते नाव फार आवडायचं. तिने हे त्याला कधी सांगितलं मात्र नाही, कारण सांगितलं असतं तर तो डोक्यावर चढून बसला असता.

तो सोडून त्या नावाने तिला कुणीच हाक मारत नसे. लेक आई म्हणायची, शेजारचे काकू म्हणायचे. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात गवंड्याला झटका आला आणि त्याची उजवी बाजू आणि वाचा दोन्ही एकदम गेल्या, तेव्हा ते नावही घरातून गेलं. आपण तरी तिला मुकादमच म्हणू.

पाय पुष्कळसा परत आला. काठी टेकत, चप्पल फरफटत तो या खोलीतून त्या खोलीत जाऊ लागला. उजवा हात नुसताच लटकत राहिला. आणि वाचेचं म्हणाल तर एकच शब्द परत आला: वीट.

पाणी हवं असलं तरी वीट. लेकीचा फोन आला की फोन कानाला लावून वीट. वारा लागतोय, खिडकी लाव, हेही वीटच. जन्मभर ज्या वस्तूने पोट भरलं तीच जिभेवर ठाण मांडून बसली आणि मागच्या कुणाला पुढे येऊ देईना. त्यातही वाईट हे की, आपण चुकीचं बोलतोय हे त्याला कळायचं. शब्द तोंडातून बाहेर पडला की तो मान खाली घालायचा. असा मान खाली घातलेला नवरा मुकादमने पूर्वी कधी पाहिला नव्हता आणि तिला तो बघवत नव्हता.

बोलणं शिकवणाऱ्या एक बाई दर आठवड्याला यायच्या. कपाचं चित्र, घड्याळाचं चित्र, छत्रीचं चित्र समोर धरायच्या. गवंडी कपाळावर घाम येईपर्यंत प्रयत्न करायचा आणि शेवटी म्हणायचा, "वीट." निघताना बाई दारात थांबून मुकादमला समजवायच्या, "शब्द आतच आहेत हो, फक्त वाट सापडत नाहीये. मागितले की येत नाहीत. कधी ध्यानीमनी नसताना आपोआप येतील. तुम्ही मागे लागू नका."

मुकादमला हे मुळीच पटलं नाही. मागे लागल्याशिवाय या घरात कधी काही झालं होतं का? बाईंची पाठ वळली की ती त्याच्यासमोर खुर्ची ओढायची. "म्हणा. मु. का. दम." तो तिच्या ओठांकडे बघायचा, स्वतःचे ओठ हलवायचा. "म्हणा ना. एकदाच म्हणा, मग नाही त्रास देणार." तिला बाकी काही नको होतं. कप, छत्री गेली खड्ड्यात. एकदा, फक्त एकदा त्याने आपल्याला त्या नावाने हाक मारावी, एवढंच हवं होतं.

"वीट," तो म्हणायचा आणि मान खाली घालायचा. मग ती उठून उगाचच भांडी घासायला घ्यायची.

त्या रविवारी सकाळी तिने अंडी-बटाट्याचे थर करायला घेतले. रविवारची ही न्याहारी त्यांच्याकडे वर्षानुवर्षं चालत आलेली. अर्धवट उकडलेल्या बटाट्यांच्या चकत्या खोलगट तव्यात मांडायच्या, त्यावर परतलेला कांदा आणि मिरपूड, त्यावर पुन्हा चकत्या, पुन्हा कांदा, आणि शेवटी फेटलेली अंडी ओतून झाकण ठेवायचं. खालून लाल झालं की ताटावर उलटं करायचं. चवीला झकास व्हायचं, पण उलटताना हमखास मोडायचं. एक तुकडा इकडे, अर्धा तव्याला चिकटलेला, अंडं सगळं तळाशी. गवंडी त्याला ढिगारा म्हणायचा. "आज ढिगारा आहे वाटतं," म्हणत तो दोनदा वाढून घ्यायचा, आणि पहिल्या घासालाच मिठाची तक्रार करायचा. ते भांडण लग्नाइतकंच जुनं होतं. त्याला मीठ कायम कमी वाटायचं आणि तिचं म्हणणं, जिभेला शिस्त लावा. आता तर डॉक्टरांनीच मीठ तोडलं होतं, म्हणजे ती भांडण जिंकली होती. जिंकूनही तिला त्याचा काडीचा आनंद नव्हता.

पण एवढ्या वर्षांत हा पदार्थ होतो कसा, हे गवंड्याने एकदाही पाहिलं नव्हतं. रविवारी तो अंथरुणातून थेट ताटावर यायचा. आता मात्र त्याला दिवसभर दुसरं कामच नव्हतं. कांद्याचा वास सुटला तशी काठीची टकटक स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली.

"बसा तिकडे. चटका बसेल," मुकादम मागे न बघता म्हणाली.

तो बसला नाही. ओट्याशी येऊन उभा राहिला आणि तव्यात बघू लागला. पहिला थर मांडून झाला होता. मुकादमने कांदा पसरला आणि दुसऱ्या थराच्या चकत्या मांडायला घेतल्या, तिच्या पद्धतीने, म्हणजे खालच्या चकतीवर बरोबर वरची चकती.

"वीट!" गवंडी म्हणाला.

"हो, हो. होतंय."

"वीट! वीट!" त्याने काठी जमिनीवर आपटली.

मुकादम दचकून वळली. त्याचा चेहरा लाल झाला होता. पुन्हा झटका येतोय की काय, म्हणून तिने आधी गॅस बंद केला आणि मग त्याचा दंड धरला. "काय होतंय? डोकं दुखतंय? बसा आधी."

त्याने दंड सोडवून घेतला. काठी ओट्याला टेकवून ठेवली, कमरेने ओट्याचा आधार घेतला आणि डावा हात तव्याकडे नेला. दोन बोटांनी त्याने वरची एक चकती उचलली आणि अर्धी सरकवून ठेवली, अशी की खाली जिथे दोन चकत्या एकमेकींना भिडत होत्या, तिथे बरोबर तिचा मध्य आला. मग त्याने बायकोकडे पाहिलं. परांचीवर एखाद्या नवशिक्याने घोळ घातला की तो ज्या नजरेने बघायचा, ती ही नजर. ती तिने कधीतरी डबा द्यायला गेल्यावर लांबून पाहिली होती.

मुकादमला समजायला क्षणभर लागला. मग समजलं. भिंत बांधताना सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. आला तर भेग वरपासून खालपर्यंत सरळ जाते आणि भिंत उभी राहत नाही. हे तिने त्याच्या तोंडून जेवताना, झोपताना, पाहुण्यांसमोर इतकं ऐकलं होतं की कान किटले होते. आणि इतकी वर्षं ती दर रविवारी त्याच्याच घरात सांध्यावर सांधा ठेवून त्याला खाऊ घालत होती!

"अगं बाई," ती म्हणाली. "म्हणून मोडतं होय ते?"

गवंड्याने तिने मांडलेल्या दुसऱ्या थराच्या चकत्या बाजूला काढल्या. मग डावा हात तिच्यापुढे केला, तळवा वर.

"वीट," तो म्हणाला.

ती नुसती त्या तळव्याकडे बघत राहिली. मग हा हात काय मागतोय हे तिला कळलं. इतक्या महिन्यांत त्याने हा शब्द शेकडो वेळा म्हटला होता आणि प्रत्येक वेळी तो चुकला होता. आज तो बरोबर होता. परांचीवर हाताखालच्या माणसाकडे हात पसरून तो असंच म्हणत आला होता, वीट, म्हणजे दे. तिने बटाट्याची एक चकती त्या तळव्यावर ठेवली.

त्याने ती लावली आणि अंगठ्याने हलकेच दाबून बसवली. हात पुन्हा पुढे आला. "वीट."

तिने दुसरी दिली.

जन्मभर सगळ्यांना कामाला लावणारी ही बाई त्या सकाळी गवंड्याच्या हाताखाली लागली. मोठी हवी की लहान हे ती त्याच्या बोटांवरून ओळखू लागली. कडेला त्याने चकती मोडून अर्धी केली आणि तिथे नेमकी बसवली. थर पुरा झाल्यावर वाकून, एक डोळा मिटून, तव्याच्या काठाशी नजर लावून तो सपाट आहे ना ते पाहिलं. डाव्या हाताने त्याने आयुष्यात कधी काम केलं नव्हतं. बोटं अडखळत होती, एकदा चकती निसटून ओट्याखाली गेली, पण चकती कुठे जायची याबद्दल त्या हाताला तसूभर शंका नव्हती. मुकादमला वाटलं, हे सगळं होतं कुठे? महिनोन्‌महिने खुर्चीत मान खाली घालून बसलेल्या या माणसाच्या आत हे सगळं जसंच्या तसं होतं, आणि मी रोज त्याच्यासमोर बसून रिकाम्या घराचं दार ठोठावल्यासारखी हाका मारत होते.

तो एकदाही मान खाली घालत नव्हता. प्रत्येक "वीट" आधीच्यापेक्षा खणखणीत येत होती.

शेवटचा थर झाला. त्याने फेटलेल्या अंड्यांच्या भांड्याकडे बोट केलं, तिने भांडं वाकवलं, आणि धार कुठून कुठे फिरवायची ते तो बोटाने दाखवत गेला. अंडं एकदम तळाला पळालं नाही. प्रत्येक थरावर थांबत, वळणं घेत, सावकाश खाली झिरपलं. मुकादमने गॅस लावला आणि झाकण ठेवलं. दोघं ओट्याशी उभी राहिली, भिंत वाळायची वाट बघत असावीत तशी. बसा म्हणायचं तिला सुचलंच नाही.

उलटायची वेळ आली. तव्यावर ताट उपडं ठेवलं, दोन्ही हातांत फडकी घेऊन तिने तवा आणि ताट घट्ट धरलं, आणि त्याने डावा तळवा ताटावर दाबला.

"मोडलं तर मला बोलायचं नाही," ती म्हणाली आणि एका दमात उलटं केलं. तवा उचलला.

अख्खं! गोल, तांबूस, काठ न काठ जागेवर. तिने सुरी घेऊन एक तुकडा कापला आणि बाजूला ओढला, तर कापलेल्या बाजूला थर स्वच्छ दिसले. पांढरा, मध्ये अंड्याची पिवळी रेघ, वर पुन्हा पांढरा, आणि प्रत्येक सांधा खालच्या चकतीच्या मधोमध. छोटी भिंतच ती. मुकादमने तोंडावर हात ठेवला. किती तरी घरं या माणसाने बांधली होती, तिने त्यातली पुष्कळशी रस्त्यावरून जाता जाता पाहिली होती आणि "छान आहे" म्हणून पुढे गेली होती. इतक्या जवळून तिने त्याचं काम आज पहिल्यांदा पाहिलं. तिला नमस्कार करावासा वाटला, पण नवऱ्याला बटाट्यावरून नमस्कार करणं तिला बरं दिसेना, म्हणून तिने नाक पुसलं आणि त्याला वाढलं.

तो टेबलाशी बसला. चमच्याने नीट चौकोनी तुकडा तोडून तोंडात घातला, दोनदा चावला, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"मुकादम," तो म्हणाला. "मीठ."

मुकादमच्या हातातली ताटली टेबलावर आदळली. तिला ऐकू आलं होतं, आणि तरी तिचा विश्वास बसेना.

"काय म्हणालात?"

"मीठ," तो म्हणाला, थोडा वैतागून.

"त्याच्या आधी! त्याच्या आधी काय म्हणालात? म्हणा. परत म्हणा!"

तिने खुर्ची ओढली, त्याच्या तोंडाशी तोंड नेलं. गवंड्याने तिच्या ओठांकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले. त्याच्या कपाळावर घाम आला. "वी..." तो म्हणाला. "वीट." आणि त्याची मान हळूहळू खाली जाऊ लागली.

ती थांबली. ध्यानीमनी नसताना, बाई म्हणाल्या होत्या. मागितले की येत नाहीत. तिने खुर्ची मागे सरकवली, डोळे कोरडे केले, आणि उठून ओट्यावरचा मिठाचा डबा उचलला. तो तिने फळीवर सगळ्यात वर, तिचाही हात जेमतेम पोचेल अशा जागी नेऊन ठेवला. मग परत येऊन त्याच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला, चांगला मोठा, आणि काही घडलंच नाही अशा आवाजात म्हणाली, "खा गुपचूप. गार होतंय."

तिने पाठ फिरवली आणि तवा घासायला घेतला. मागे चमचा वाजला. तो चावत होता. पाणी नुसतंच तव्यावरून वाहत होतं.

"मुकादम!" मागून आवाज आला, चांगला चढलेला. "मीठ!"

"नाही मिळणार," मुकादम म्हणाली. ती रडत होती आणि हसत होती, आणि वळून बघायची तिची हिंमत होत नव्हती.