कणकेनं लिंपलेलं तोंड

मित्रांनो, पोटावर पितळेचं ठिगळ असलेला हा तांब्याचा जुना बंब म्हणजे मी. जवळा बाजारच्या रामकिशनच्या घरी, न्हाणीला लागून माझी जागा.

माझा जन्मच माराचा. तांबटानं मला भट्टीत लाल केलं, चिमट्यात धरलं आणि हातोड्याखाली घातलं. घावागणिक मी किंचाळलो. पण त्याशिवाय का कुणाला आकार येतो? माझ्या मधोमध जाळाची नळी, तिच्याभोवती पाणी, वर पाणी ओतायचं तोंड, खाली तोटी. तोंडावरचं झाकण सैल. वाफ दाटली की ते टुकटुक नाचायचं आणि वाफ निघून जायची. "बंब टाळ वाजवून राहिला!" असं लेकरं म्हणायची, तेव्हा मला धन्य वाटायचं. तोटीत मात्र पाण्याचा क्षार साचत गेला. तो कुणी खरवडला नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि गावात सप्ताह बसला. काल्याच्या कीर्तनाचे महाराज आमच्या घरी उतरणार होते. रामकिशनची आई सोजराबाई मोठी भाविक. कीर्तन ऐकता ऐकता तिचा पदर भिजायचा. महाराजांच्या अंघोळीचं पाणी सोवळ्यात राहावं, त्यात राख पडू नये, कुणी तांब्या बुडवू नये, म्हणून तिनं माझ्या तोंडाला कणीक लिंपली, झाकण तारेनं आवळलं आणि वर पाटा ठेवला.

महाराजांची एसटी काही येईना. पाणी निवू नये म्हणून सोजराबाई जाळात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या कोंबतच राहिली. कणीक भाजून दगड झाली. वाफेला वाट उरली नाही. पाणी आतून धडका मारू लागलं आणि माझे सांधे करकरले.

सून द्वारकाबाई न्हाणीत पाय पसरून लेकराला तेल लावत होती.

"आत्याबाई, बंब गुरगुरून राहिला."

"उकळी आली की वाजनारच. तुझ्या माहेरी बंब तरी व्हता का?"

"न्हवता. पर आज टाळ काहून वाजंना त्याचा?"

"गप म्हनलं ना!"

द्वारकाबाई पुन्हा लेकराला तेल चोळू लागली. पण माझं पोट फुगू लागलं, तोटीच्या कडेनं फिस्कारे निघू लागले, तशी तिनं लेकरू सासूच्या हाती दिलं आणि लांब लाकडानं तोटी फिरवली. क्षारानं बुजलेल्या तोटीतून थेंब आला नाही. मग ती चिमट्यानं जळत्या पऱ्हाट्या भराभर बाहेर ओढू लागली.

रामकिशन गार पाण्याची बादली घेऊन धावला.

"वर पानी टाकू नका, तडकंल!" ती ओरडली.

तेवढ्यात सोजराबाईनं पाट्याला हात घातला. "सोवळं हाय, मीच काढते."

"आत्याबाई, व्हा बाजूला!" द्वारकाबाईनं सासूला लेकरासकट भिंतीआड ढकललं. जन्मात पहिल्यांदा.

आणि मी फुटलो. पाटा पत्रे फाडून वर गेला. माझी शिवण वरपासून खालपर्यंत उसवली. न्हाणीचा दगड उखडला, भिंतीची माती ढासळली. उकळतं पाणी द्वारकाबाईच्या पाठीवर कोसळलं. तिची ती किंकाळी आजही माझ्या तांब्यात आहे, मित्रांनो.

डॉक्टर येऊन औषध लावून गेले. ती ओसरीवर पालथी पडून होती, मी अंगणात फाटून. दुपारी देवळातून मृदंग ऐकू आला. शेजारची सखुबाई बोलवायला आली, "चला की, महाराज उभे राहिले."

कधी कीर्तन न चुकवणारी सोजराबाई सुनेवर पंख्यानं वारा घालत होती. "महाराजास्नी सांग, माजं कीर्तन हितं चालू हाय."

मग ती सुनेच्या कानाशी वाकली. "बोल माय. मगा गप म्हनले, ते माझ्या जिभंला खटकून राहिलं. काय बी बोल."

द्वारकाबाई म्हणाली, "लेकरू?"

"निजलंय. केसाला बी धक्का न्हाई."

तांबटानं मला ठिगळ लावलं, तोटी साफ केली. आता जाळ घातला की सोजराबाई हाक मारते, "द्वारके, ऐक गं, बराबर वाजून राहिला का?" सून होय म्हणाली तरच दुसरी पऱ्हाटी आत जाते.

म्हणून हात जोडून सांगतो. माझी तोटी खरवडत जा, झाकण सैल राहू द्या. वाफ कोंडलीच, तर झाकणाला हात लावू नका. जमलं तर आधी जाळ काढा, आणि माणसं लांब न्या. आणि घरात कुणी म्हणालं, "काहीतरी गुरगुरून राहिलंय," तर त्याला गप करू नका. माझा टाळ थांबला, ते एकट्या द्वारकाबाईनं ऐकलं होतं.