तुरळक ठिकाणी

होसियतने चटईवरचा एक जर्दाळू उचलला, दोन बोटांत दाबला आणि परत ठेवला. आत अजून ओल होती. निदान दोन उन्हं तरी लागणार. घरावरचं मातीचं धाबं असं तापलं होतं की चपलेतूनही चटका बसत होता, आणि वारा तर नुसता मेला होता.

खाली अंगणात तिचा नवरा नाझिर कानाशी रेडिओ घेऊन बाजेवर आडवा पडला होता.

"काय म्हणतोय तुमचा रेडिओ?" तिने वरून विचारलं.

"उकाडा वाढतच जाणार. आणि डोंगरपायथ्याला तुरळक ठिकाणी वादळी पाऊस, गारा."

"तुरळक म्हणजे कुठे?"

"ते ढगाला ठाऊक. नाहीतर तुझ्या सुरीला."

एरवी ती हसली असती. आज सकाळपासून तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. ताडपत्री पसरायची, फळ घाम धरून आंबेल म्हणून लगेच काढायची, आणि मधूनमधून नदीच्या वळणापलीकडे, वरच्या गावाकडे बघत राहायचं. तिथे वसंतात लेक सनवबर दिली होती. पहिल्या हंगामात सुनेने वाळवलेले जर्दाळू सासरची माणसं ताटात घालून गावभर दाखवतात. चांगले उतरले तर सून घरची झाली, नाहीतर वर्षभर टोमणे. परवाच पोर फोनवर मुसमुसत होती, "आई, सासूबाई अजून मला 'ती पोर' म्हणतात गं."

दुपार कलली तसा दोन्ही गावांमधल्या खोऱ्यात ढग उभा राहिला, बुडाशी काळा आणि माथ्याला पिवळट. गारांचाच. बघता बघता आळीतल्या सगळ्या बायका धाब्यांवर चढल्या आणि सगळ्यांची तोंडं होसियतकडे वळली. या आळीत ढग कापायचं काम तिच्या घराचं. आधी तिची सासू कापायची, आता ती. कठड्याच्या मातीत सुरी रोवायची आणि मूठ जिकडे कलवावी तिकडे ढग जातो. तोही नदीच्या वाटेनेच, वर त्या गावावर नाहीतर खाली आपल्यावर. तिसरी वाट त्याला नाही. आजवर होसियत मूठ बिनदिक्कत वर कलवत आली. वरच्या गावात आपलं होतं कोण?

"अपा, सुरी कुठाय?" शेजारच्या धाब्यावरून, तिला थोरली बहीण मानणारी रोबिया ओरडली.

"आणते गं," म्हणत ती जिना उतरली. चुलीपाशी गेली, घोटभर पाणी प्याली, पेटी उघडली, मिटली.

"कमरेला आहे," बाजेवरून नाझिर म्हणाला.

"माहीत आहे मला."

ती वर आली. तिने सुरी मातीत रोवली, मूठ सरळ उभी ठेवली आणि हात काढून घेतला.

"अगं, कलव की!"

"राहू दे तशीच."

"राहू दे? माझं अख्खं वर्ष पसरलंय इथे!"

"माझंही पसरलंय, रोबिया."

रोबियाला उमगायला वेळ लागला नाही. तिची जीभ म्हणजे वस्तरा.

"असं होय! लेक वर दिली म्हणून आम्ही भिजायचं! वा गं वा, अपा!"

होसियतला लाज वाटली, मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण हात काही मुठीकडे जाईना. तेवढ्यात धुळीचा लोट आला, पहिली गार कठड्यावर फुटली आणि मग कुणाला बोलायला उसंतच राहिली नाही. ताडपत्री अर्ध्या धाब्यालाही पुरली नाही, जी पुरली ती गारांनी फाडली.

आला तसा पाऊस गेलाही. ऊन परत पडलं, धाब्यातून वाफा निघू लागल्या. रोबिया मधला कठडा ओलांडून आली, तोंड फिरवूनच खाली बसली आणि होसियतच्या चटईवरचा लगदा टोपलीत भरू लागली. रागावली म्हणून हात थोडाच आवरतो? मग होसियतचा फोन वाजला. सनवबर होती, आणि तिचा आवाज रोबियापर्यंत खणखणीत पोचत होता.

"आई, आमच्याकडे एक थेंब नाही पडला!"

"बरं झालं गं बाई," होसियत म्हणाली. तिचे डोळे भरून आले.

"आणि ऐक ना, सासूबाईंनी आज सुरी माझ्या हातात दिली! सगळ्यांसमोर म्हणाल्या, ढग आमची सून कापेल. आमची म्हणाल्या, आई!"

होसियतचा हात चटईवर तसाच राहिला.

"मग? कलवलीस?"

पलीकडे आधी दार लोटल्याचं ऐकू आलं.

"सगळ्या बघत होत्या गं. खालीच कलवावी लागली." मग आवाज एकदम बारीक झाला. "आई, तिकडे नाही ना आला?"

होसियतच्या डोक्यावरच्या रुमालातून पाणी निथळून मानेवर उतरत होतं.

"छे गं. इकडे कुठला पाऊस?"

"खरं सांगतेस?"

होसियतने रोबियाकडे बघितलं. रोबियाने टोपली खाली ठेवली, ओले हात झग्याला पुसले आणि फोनच्या दिशेने मान काढून ओरडली,

"अगं, धूळ उडतेय इथे, नुसती धूळ! तुझी आई खोकून खोकून बेजार झालीय!"

होसियत खोकली.