एकाच्या जागी अठ्ठावन्न

खुनी कोण हे न सांगताच कादंबरी संपली, अशी तक्रार ब्रेल छापखान्यात फोनवरून आली तेव्हा ताई नुकत्याच खुर्चीत टेकल्या होत्या. फोन करणाऱ्या आजी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. चार जाडजूड खंडांच्या त्या रहस्यकथेचा त्यांनी बोटांनी वाचून पंधरा दिवसांत फडशा पाडला होता. शेवटच्या पानावर गुप्तहेर सगळ्यांना एका खोलीत जमवतो, जरा थांबतो आणि म्हणतो, "आणि तो माणूस म्हणजे". त्यापुढे आजींच्या बोटांना लागलं ते 'एकशे बारा'. आधी त्यांना वाटलं हा खोलीचा नंबर असेल, म्हणून त्यांनी तिसरा खंड पुन्हा चाळला. मग शिवणीत बोट घालून पाहिलं, एखादं पान चिकटलंय का. शेवटी न राहवून फोन केला.

ताईंनी संगणकावरची मूळ फाइल उघडली, शेवटची ओळ कानाने ऐकली आणि आजींना खुन्याचं नाव सांगून टाकलं. आजींचा संशय भलत्यावरच होता. माळ्याकडून ही अपेक्षा नव्हती, असं म्हणत त्यांनी जरा खट्टू होऊनच फोन ठेवला.

ताई या छापखान्यात बावीस वर्षं होत्या. वाचनालयाच्या तळघरात दोन खोल्या, एकीत कागदावर ठिपके उठवणारं यंत्र, दुसरीत बाइंडरकाकांचं टेबल, सरस आणि दाब. ताईंना सहाव्या वर्षापासून दिसत नव्हतं. त्याचा त्यांनी कधी बाऊ केला नाही आणि दुसऱ्या कोणाला करू दिला नाही. संगणक पडद्यावरचा मजकूर त्यांच्या एका कानात वाचून दाखवायचा, तोही इतक्या वेगाने की ऐकणाऱ्या तिऱ्हाइताला वाटावं रेडिओ बिघडलाय. पुस्तकाचा मजकूर ठिपक्यांत बदलून पानांत बसवणारा प्रोग्रॅम फुकट होता. कुठकुठल्या देशांतल्या हौशी लोकांनी मिळून तो लिहिला होता. कोणीही उघडून बघावा, हवा तसा बदलावा. ताई नऊ वर्षं तो उघडून बघत होत्या आणि हवा तसा बदलतही होत्या, पण फक्त स्वतःच्या संगणकावर.

एकशे बाराचा छडा लावायला त्यांना दुपारपर्यंतचा वेळ लागला. पानावर पंचवीस ओळी, आणि पंचविसाव्या ओळीवर पानाचा आकडा. एरवी मजकूर आकड्याला जागा सोडायचा, पण पुस्तक नेमकं पंचविसाव्या ओळीवर संपलं की आकडा त्या ओळीच्या डोक्यावर येऊन बसायचा आणि ओळ गडप. ताईंनी प्रोग्रॅममधल्या तीन ओळी बदलल्या, ते शेवटचं पान पुन्हा काढलं आणि माळ्याच्या नावावरून बोट फिरवून खात्री करून घेतली.

एरवी प्रकरण इथेच मिटलं असतं. पण पान चिकटवायला घेताना बाइंडरकाकांनी सहज विचारलं, "ताई, हा प्रोग्रॅम आपण एकटेच वापरतो का हो?"

एकटेच कसले. निदान तीसेक छापखाने तरी असतील. म्हणजे आणखी कुठेकुठे माणसं शेवटच्या ओळीला मुकत असतील, आणि त्या सगळ्यांना टेलिफोनवाल्या आजींसारखी चिकाटी असेलच असं नाही. ताईंनी ठरवलं, ही दुरुस्ती पाठवायची.

ठरवणं सोपं होतं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मंडळींची एक ईमेल यादी होती. एकाने पत्र टाकलं की सगळ्यांना जायचं. ताई ती पत्रं रोज चहाबरोबर वाचायच्या, पण स्वतः कधी एक अक्षर लिहिलं नव्हतं. कारण होते यादीतले हेडमास्तर. हे नाव त्यांना इतरांनी ठेवलेलं. प्रोग्रॅममध्ये काय जाईल आणि काय जाणार नाही, यात शेवटचा शब्द त्यांचा. त्यांची पत्रं एका ओळीची असायची, आणि त्या ओळीत समोरच्याचं पाणी पाणी व्हायचं. आपण बाहेरूनच ऐकलेलं बरं, असं ताईंचं नऊ वर्षं मत होतं.

दुरुस्ती पाठवण्याचे नियमही हेडमास्तरांच्या स्वभावाला साजेसे होते. दुरुस्तीला तिथे पॅच म्हणायचे. कुठल्या फाइलमधली कुठली ओळ काढायची आणि तिच्या जागी कुठली घालायची, एवढं सांगणारी चिठ्ठी, सोबत दोन शब्दांत कारण. ती ईमेलनेच यायला हवी, साध्या मजकुरात, जोडपत्र न लावता. ताईंनी ऑफिसच्या ईमेलमध्ये पॅच चिकटवला आणि मन घट्ट करून पाठवला. तासाभरात उत्तर आलं. "पॅच लागत नाही. ओळी मोडल्या आहेत, टॅबच्या मोकळ्या जागा गायब आहेत. कागद वाचवण्याचा सल्ला मिळाला."

कागदाचं काय ते ताईंना आधी कळेना. मग उलगडा झाला. वाचनालयाच्या संचालकांनी प्रत्येक ईमेलच्या शेवटी आपोआप एक वाक्य घालून ठेवलं होतं, की छापण्यापूर्वी झाडांचा विचार करा. छापखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पत्रावर हे वाक्य किती वर्षं जात होतं कोणास ठाऊक. बाइंडरकाका हातातला ब्रश खाली ठेवून हसले. ताईंना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तरी त्यांनी सोडलं नाही. नियमांच्या पानावर तळाशी लिहिलं होतं की पॅच सरळ कमांड लाइनवरून पाठवावा, म्हणजे वाटेत कोणी त्याला हात लावत नाही. हे वाचून ताईंच्या जिवात जीव आला. कमांड लाइन हे त्यांचं माहेरच होतं. तिथे बटणं नाहीत, चित्रं नाहीत, मध्येच उडी मारणाऱ्या जाहिराती नाहीत. एक ओळ लिहायची, एक ओळ ऐकायची. सर्व्हरचा पत्ता, स्वतःचा पत्ता, पासवर्ड, सगळं त्यांनी एका सकाळीत बसवलं. पहिला पॅच स्वतःलाच पाठवला, आलेला प्रोग्रॅमच्या कोऱ्या प्रतीवर लावून पाहिला. चपखल बसला. एक टॅब इकडचा तिकडे नाही.

बुधवारी अकराच्या सुमारास त्या खऱ्या पाठवणीला बसल्या. स्वतःला पाठवताना त्यांनी कमांडमध्ये 'एक' हा आकडा लिहिला होता, म्हणजे शेवटचा एकच पॅच. आता खरं काम, तर सगळं नियमांच्या पानावर दिलंय तसंच व्हायला हवं, म्हणून त्यांनी आकड्याच्या जागी उदाहरणाप्रमाणे मूळ आवृत्तीचं नाव घातलं. संगणकाने पत्ते वाचून दाखवले, एक यादीचा आणि एक हेडमास्तरांचा. मग विचारलं: पाठवू का? हो, नाही, की सगळे? दोन पत्ते आहेत, दोन्हींना जायला हवं, असा विचार करून ताईंनी 'सगळे' म्हणून सांगितलं.

कानात आवाज आला, "पाठवलं." ताई मागे टेकल्या. "पाठवलं," आवाज पुन्हा म्हणाला. दुसरा पत्ता, ताईंनी मनात म्हटलं. "पाठवलं. पाठवलं. पाठवलं." ताई ताठ बसल्या. थांबवायची कळ त्यांना झोपेतही सापडली असती, पण त्या क्षणी बोटांना काही सुचेना. सापडेपर्यंत आवाज आपणहूनच थांबला होता.

मूळ आवृत्तीचं नाव दिल्यावर संगणकाने त्याचा सरळ अर्थ घेतला होता: त्या आवृत्तीनंतर ताईंनी जे जे बदललं ते सगळं. नऊ वर्षांचं. अठ्ठावन्न पॅच, अठ्ठावन्न पत्रं, यादीवरच्या चारशे माणसांना.

पत्रं जास्त गेली हे एक वेळ ठीक होतं. ताईंना खरी धास्ती बसली ती कारणांमुळे. प्रत्येक दुरुस्तीसोबत कारण लिहायचा शिरस्ता होता, आणि कोणी वाचणार नाही या भरवशावर ताईंनी ती मनमोकळी लिहिली होती. 'दात ठणकतोय, तरी तळटीपा जागेवर आणल्या.' 'सासूबाई आल्यात. समासाचं काम अर्धवट, त्या गेल्या की बघू.' 'कोण्या अतिशहाण्याने शून्यापासून मोजायला सुरुवात केली आणि मध्येच विसरला.' आणि तिसाव्याच्या पुढचं कुठलंतरी, शब्दन्‌शब्द आठवणारं: 'हा भाग लिहिणाऱ्याला एकदा माझ्यासमोर उभा करा.'

टपाल गेलं ते गेलं, परत बोलावता येत नव्हतं. ताईंनी चार ओळींचं माफीपत्र पाठवलं, संगणक बंद केला आणि बाइंडरकाकांना सांगितलं की आज आपण फक्त पानं मोजू.

ताईंचा नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. बायकोला चष्म्याचा उपयोग नाही म्हणून आपलं जमलं, नाहीतर घरातही तक्रारी ऐकाव्या लागल्या असत्या, हा त्याचा पंचवीस वर्षं जुना विनोद. संध्याकाळी ताईंनी सगळं सांगितलं तेव्हा त्याने आधी गंभीरपणे ऐकायचा प्रयत्न केला. दाताच्या पत्रापर्यंत टिकला. पुढे मात्र त्याला खुर्चीचा हात धरावा लागला.

"आईचंही गेलं?" त्याने विचारलं.

"गेलं. चारशे लोकांना."

"मग तिला सांगायला हवं. एवढ्या लोकांत तिचं नाव निघालंय म्हटल्यावर खूश होईल."

ताईंना हसायचं नव्हतं, पण आलं. एकदा आल्यावर थांबेना.

सकाळी त्या छापखान्यात गेल्या त्या पाय ओढतच. यादीवर सतरा पत्रं आली होती. पहिलं उघडायला त्यांना दोन कप चहा लागला. कोणा बाईने विचारलं होतं, दात आता कसा आहे. दुसऱ्याने लिहिलं होतं की त्याच्याही घरी सासूबाई आल्या की समास बिघडतात. एका शाळेतल्या छापखानेवाल्याचं पत्र जरा लांब होतं. तेविसावा पॅच त्याने लावून पाहिला होता. गणिताच्या पुस्तकातल्या अपूर्णांकांची उतरंड, जी ते सहा वर्षं हाताने नीट करत होते, ती आता आपोआप बसत होती. हे तुम्ही इतकी वर्षं कुठे ठेवलं होतं, असं त्याने विचारलं होतं. त्यात तक्रार नव्हती, पण ताईंना ते वाक्य लागलं. त्यांनी ते तीनदा ऐकलं.

हेडमास्तरांचं मात्र काहीच नव्हतं. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही नाही. आपल्याला यादीतून काढणार हे ताईंनी मनाशी धरलं. निदान शेवटचा पॅच, तो एकशे बाराचा, तेवढा तरी घ्या म्हणून विनंती करायची, असंही ठरवलं.

सोमवारी पत्रं यायला लागली. हेडमास्तरांनी शनिवार-रविवार बसून अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न पॅच तपासले होते आणि प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिलं होतं, एकेका ओळीचं. "लावला." "लावला." "कारण पुन्हा लिहा, दात वगळून." "चूक. उजवीकडून वाचायच्या लिप्यांत हे मोडेल." "लावला." ताई एकामागून एक ऐकत होत्या, आणि बाइंडरकाका काम सोडून दाराशी येऊन उभे होते. एकतिसाव्याला ताईंनी आवाजाचा वेग कमी केला.

"समोर उभा आहे," हेडमास्तरांनी लिहिलं होतं. "तो भाग एकोणीस वर्षांपूर्वी मी लिहिला. शून्याचंही मीच. दोन्ही लावले."

काकांनी विचारलं काय म्हणतायत, तर ताईंनी ते पत्र त्यांना मोठ्याने ऐकवलं.

चव्वेचाळीस लागले, नऊ सुधारून मागितले, पाच नाकारले. नाकारलेल्यांपैकी चार ताईंनी मुकाट्याने मान्य केले. पाचव्यावर मात्र त्या अडून बसल्या. तो ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याबद्दल होता. हेडमास्तर म्हणाले शब्द तोडला तर कागद वाचतो. ताईंनी उत्तर दिलं की कागद वाचतो हे खरं, पण वाचणाऱ्याचं बोट अर्ध्या शब्दावर लटकतं आणि पुढची ओळ सापडेपर्यंत अर्थ निसटतो. हे डोळ्यांनी कळणार नाही, बोटाने वाचून बघा. एरवी असं उत्तर लिहायची त्यांची छाती झाली नसती. पण अठ्ठावन्न पत्रांनंतर लपवण्यासारखं राहिलंच काय होतं. दोन दिवसांनी यादीवर आलं, "बोटाने वाचायला मला येत नाही. तुम्हाला येतं. लावला."

त्यानंतर हेडमास्तरांचं एक पत्र आलं, यादीवर नव्हे, फक्त ताईंना. त्यांच्या मानाने ते भलतंच लांब होतं, तब्बल पाच ओळी. पानं बसवण्याचा सगळा भाग त्यांना एकट्याला झेपेनासा झाला होता. त्या भागाचे पॅच यापुढे ताईंनी तपासावेत, त्या हो म्हणतील ते घ्यायचं, नाही म्हणतील ते सोडायचं, असं त्यांनी सुचवलं होतं. जमणार नसेल तर तसं कळवा, राग मानणार नाही, असंही लिहिलं होतं.

ताईंनी दोन दिवस घेतले. नवऱ्याचं म्हणणं होतं की एवढी वर्षं तू घरातल्या सगळ्यांच्या चुका फुकट काढतेस, तर बाहेरच्यांच्याही काढ, आम्हाला जरा विसावा. बाइंडरकाकांनी फक्त इतकं विचारलं की मग छपाई मागे पडणार नाही ना. संचालकांना ताईंनी रोज सकाळचा एक तास मागितला आणि मिळवला. वर ते झाडांचं वाक्य निदान छापखान्याच्या पत्रांवरून काढायला लावलं. संचालक म्हणाले की ते वाक्य तिथे आहे हेच ते विसरले होते. तिसऱ्या दिवशी ताईंनी हेडमास्तरांना उत्तर पाठवलं. त्यांच्याच पद्धतीने, एका ओळीत. जमेल.

पहिला पॅच पुढच्याच आठवड्यात आला. पाठवणारी कोणी संगीत शिक्षिका होती, यादीवर नवी. गाण्याच्या पुस्तकात दोन कडव्यांमधली मोकळी ओळ पानाच्या सुरुवातीला आली तर ती गाळावी, एवढंच काम. पॅच स्वच्छ होता. ताईंनी लावून पाहिला, तीन पानं काढली, बोट फिरवलं. सगळं बरोबर. पण कारणाच्या जागी नुसतं 'दुरुस्ती' असं लिहिलेलं.

ताईंनी उत्तर लिहिलं, "कारण लिहा." ते स्वतःलाच ऐकवलं. कानाला फार तुटक लागलं. मग खाली आणखी लिहिलं: पॅच चांगला आहे, आम्ही इथे तो लावून तीन पानं वाचली. ही ओळ का गाळायची ते तुमच्या शब्दांत सांगा, लांबलं तरी चालेल.

आणि पाठवण्याआधी, संगणकाने विचारलं तेव्हा, 'सगळे' न म्हणता 'हो' म्हणून सांगितलं.