बेअरिंगखालचा पत्रा

मणिबेलीहून दवाखान्यात माणूस न्यायला रेवजीची एकच बोट, आणि तिचं इंजिन आता सलाउद्दीन मिस्त्रीसमोर उघडं पडलं होतं. त्याने मेन बेअरिंग डिझेलने धुतलं. मागून कोल्ड्रिंकच्या डब्याचा पातळ पत्रा निघाला. सैल बेअरिंगला हा जुगाड. पुढे बेअरिंगच जागेवर फिरतं आणि क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा, खरवडून खातं.

“कोन्या गाढवनी टाका हाऊ पत्रा?”

“तुम्हीच, भाई,” रेवजी आदबीने म्हणाला. “तीन पावसाळा चालना.”

गाढव ओळखीचं निघालं. सलाउद्दीनने चष्मा पुसून क्रँक मोजला. आणखी घासायला जागा नव्हती, सगळ्यात जाड बेअरिंगही सैलच बसत होतं. या जुन्या इंजिनाचा नवा क्रँक तर बाजारातून कधीच गेला होता.

“आते हाई इंजिन भंगारमा टाक, रेवजी.”

“मन्ही सूनले आठवा महिना शे,” म्हणत रेवजीने पिशवीतून कोल्ड्रिंकचा रिकामा डबा काढला. घरून निघतानाच त्याने तो घासूनपुसून घेतला होता.

सलाउद्दीनने डबा हातात घेऊन त्याचा पत्रा बोटाने दाबून पाहिला.

“बोटमा दोन वल्ही ठेवजो,” तो म्हणाला आणि कात्री शोधायला लागला.