फाइल सेव्ह केलेली नाही

“नूरबानूताई, फाइल सेव्ह केली होती ना, नक्की?” ऋचाने विचारलं.

“केली होती,” नूरबानू म्हणाली. मग हळूच, “असं वाटतंय.”

पुण्याच्या कॅम्पातल्या त्या लॅबमध्ये संगणक आल्यापासून पेशंटचे रिपोर्ट तीच टाइप करत होती. बटण दाबलं की एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, ते सर्व्हरवर पाठवी. हल्ली मात्र रोज पडद्यावर तेच वाक्य येई: ‘फाइल सेव्ह केलेली नाही.’ पुन्हा सेव्ह करून पाठवली की कधी जाई, कधी नाही. मॅनेजर म्हणाले, “आराम करा आता.” ते बोलणं तिने मनावर घेतलं नसतं. पण तिच्या अम्मीचंही असंच सुरू झालं होतं. आधी गॅस, मग किल्ल्या आणि शेवटी लेकीचं नाव. नूरबानू भयंकर घाबरली होती. मेंदूच्या डॉक्टरांची उद्याची वेळ घेतली होती.

लॅबचे संगणक सांभाळायला नव्याने आलेल्या ऋचाने स्क्रिप्ट उघडली आणि कपाळाला हात लावला.

“ही स्वतः काहीच कॉपी करत नाही, ताई. दुसऱ्या कमांडला कामाला लावते. ती फेल झाली, की का झाली ते ऐकूनच घेत नाही. कारण काहीही असो, हे एकच वाक्य छापते.”

“म्हणजे?”

“म्हणजे लिहिणारा अस्सल पुणेकर. चूक समोरच्याचीच, हे आधीच ठरलेलं.”

मग तिने ती कमांड स्वतःच चालवली. पडद्यावर खरं कारण आलं: सर्व्हरच्या डिस्कवर जागा शिल्लक नाही.

“कोणी जुन्या फायली काढल्या की थोडी जागा व्हायची, तेवढ्यात तुमची फाइल पोचायची. तुमची फाइल इथेच आहे, ही बघा. रोजच्या सगळ्या आहेत. आता कमांड जे सांगेल तेच स्क्रिप्ट दाखवेल, असं करते.”

नूरबानूने एकेक नाव वाचलं. छातीवरचं ओझं उतरलं आणि डोळे भरून आले. तिने नवऱ्याला फोन लावला.

“अहो, उद्या डॉक्टरकडे जायचं नाही.”

“का?” मेहबूबने विचारलं.

“डिस्क भरलीय.”

“कोणाची?”

“मशीनची. माझी नाही.”

 पलीकडून तो नुसतं “अल्हम्दुलिल्लाह” म्हणाला.

संध्याकाळी घरी येऊन तिने पिशवी उघडली. डबा लॅबमध्येच राहिला होता.

“विसरले,” ती म्हणाली आणि पोट धरून हसत सुटली.